टाचेमागील कंडरा तुटणे : ओळख, उपचार आणि आपले कर्तव्य

आमच्या स्मरणिकेत दरवर्षी व्यापार, कर, शिक्षण व धर्मकार्य या विषयांवर लेख येत असतात. शरीराविषयी लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि आला तरी मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांपलीकडे लेखणी सहसा जात नाही. यंदा आम्ही एका अशा दुखापतीविषयी लिहिण्याचे योजिले आहे की, जिचे नावही आमच्या पुष्कळ बंधूंस ठाऊक नसेल. टाचेच्या मागे जी जाड दोरीसारखी शीर हातास लागते, ती एकाएकी तुटणे, ही ती दुखापत होय. हा विषय निवडण्यास एक प्रत्यक्ष प्रसंग कारण झाला असल्याने प्रथम तोच सांगतो.

डिचोलीच्या बाजारपेठेत कापडाचा व्यवसाय करणारे आमचे एक स्नेही आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास, प्रकृती धडधाकट. आषाढातील एका सकाळी वरच्या फळीवरील तागे काढून ते स्टुलावरून उतरत होते. पाय जमिनीस टेकतो न टेकतो तोच मागून कोणी काठीचा तडाखा द्यावा तसे त्यांस वाटले आणि ‘फट्’ असा आवाजही झाला. त्यांनी रागाने मागे वळून पाहिले, तो मागे कोणीच नव्हते! घटकाभर वेदना झाली, मग ती ओसरली. त्या दिवशी ते लंगडत का होईना, पण सायंकाळपर्यंत गादीवर बसले. दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात क्ष-किरण छायाचित्र काढले. हाड शाबूत असल्याचे दिसले, तेव्हा मुरगळ समजून पट्टी बांधण्यात आली. घरी तेल चोळणे सुरू झाले, पुढे मालिश करणाऱ्यास बोलावणे गेले. असे सात आठवडे लोटले. सूज गेली, दुखणेही बहुतेक गेले, परंतु पायात जोर काही येईना. दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना तो पाय मागे राही. अखेर एका अस्थिरोगतज्ज्ञांनी त्यांस पालथे निजवून पोटरी दाबून पाहिली. निदानास अर्धे मिनिटही लागले नाही. परंतु जो उपचार पहिल्या आठवड्यात सोपा होता, तो आता अवघड झाला होता. तुटलेली टोके एकमेकांपासून दूर गेली होती, आणि पायाच्या अंगठ्याकडे जाणारी दुसरी कंडरा वळवून ती उणीव भरून काढावी लागली. पूर्ववत चालू लागण्यास त्यांस जवळजवळ एक वर्ष लागले.

यात कोणा एकास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ही दुखापत फसवी आहे, आणि पहिल्या तपासणीत ती नजरेतून निसटण्याचे प्रमाण जगभर मोठे आहे. पाचांपैकी एखादा रुग्ण तरी असा निसटतो, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. म्हणूनच ती ओळखण्याचे ज्ञान घरोघरी असावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

कंडरा म्हणजे काय?

स्नायू ज्या बळकट दोरीने हाडास बांधलेला असतो, तीस आपल्या प्राचीन वैद्यकात ‘कंडरा’ असे नाव आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातील कंडरांची संख्या सोळा सांगितली असून त्यांपैकी चार पायांत गणल्या आहेत. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येऊन एकत्र होतात आणि टाचेच्या हाडास मागून चिकटतात. तीच ही कंडरा. लांबी सुमारे पंधरा सेंटिमीटर, आणि मानवी शरीरात हिच्याइतकी जाड व मजबूत कंडरा दुसरी नाही. चालताना टाच उचलणे, चवड्यावर उभे राहणे, पायरी चढणे, उडी मारणे ही सर्व कामे तिच्या बळावर चालतात. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो.

पाश्चात्त्य वैद्यकात तीस अकिलीझ या ग्रीक वीराचे नाव आहे. त्याच्या मातेने त्यास अमरत्व देणाऱ्या नदीत बुडविताना टाचेस धरले होते, म्हणून तेवढीच जागा कच्ची राहिली, अशी कथा आहे. फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञ फिलिप व्हरहेयन याने १६९३ साली आपल्या ग्रंथात हे नाव योजिले आणि ते रूढ झाले.

एवढी बळकट दोरी तुटते कशी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. टाचेच्या हाडापासून सुमारे दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागात तिला रक्ताचा पुरवठा कमी असतो. वय वाढते तसतशी त्या भागाची झीज होत जाते आणि तिची भरपाई पुरेशी होत नाही. बाहेरून काही कळत नाही, क्वचित सकाळी उठताना टाच आखडल्यासारखी वाटते. मग एखाद्या दिवशी पाय अचानक रेटला गेला, किंवा पाऊल खड्ड्यात वा निसरड्या पायरीवर पडून टाच एकाएकी खाली गेली, की त्याच ठिकाणी ती तुटते.

ही आपणां व्यापाऱ्यांची दुखापत का?

तीस ते पन्नास या वयातील पुरुषांत ही दुखापत विशेष आढळते. त्यातही जे आठवडाभर बैठे काम करतात आणि रविवारी एकदम मैदानात उतरतात, त्यांच्यात ती अधिक. हे वर्णन वाचून आमच्या पुष्कळ वाचकांस आरशात पाहिल्यासारखे वाटेल! सहा दिवस गादीवर मांडी घालून बसावे, आणि सातव्या दिवशी मुलांच्या आग्रहाने बॅडमिंटनची रॅकेट हाती घ्यावी, अथवा संघाच्या क्रिकेट सामन्यात चोरटी धाव काढावी, हा आपला नित्याचा क्रम. गोमंतकात फुटबॉलचे वेड तर घरोघरी आहे. पेडणे-डिचोलीकडे पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि चार महिने अंगणातून दुकानापर्यंतचा प्रत्येक उतार निसरडा होतो. शिगम्यात घोडेमोडणीच्या तालावर पावले टाकणारे तरुण वर्षातून एकदाच तेवढे नाचतात. आमचे यात्रेकरूही गिरनारच्या सुमारे दहा हजार पायऱ्या किंवा शिखरजीचा डोंगर कोणत्याही पूर्वतयारीवाचून चढू लागतात. यात्रा पुण्यप्रद खरी, परंतु महिनाभर आधीपासून रोज थोडे चालून व जिने चढून पायांस सवय करावी, म्हणजे यात्राही सुखाची होते.

याखेरीज एक कारण असे आहे की, ज्याकडे आम्ही वाचकांचे, आणि औषधविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या बंधूंचे तर विशेषच, लक्ष वेधू इच्छितो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या वर्गातील प्रतिजैविकांमुळे काही रुग्णांत कंडरा कमकुवत होऊन तुटू शकते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००८ साली या औषधांच्या माहितीपत्रकात तशी ठळक चौकटीतील सूचना छापणे बंधनकारक केले. साठीपुढील माणसे, स्टेरॉइड घेणारे रुग्ण आणि मूत्रपिंड, हृदय वा फुप्फुस यांचे रोपण झालेले रुग्ण यांस हा धोका अधिक. आपल्याकडे जुलाब झाले की याच गोळ्या चिठ्ठीवाचून मागण्याची व देण्याची प्रथा पडली आहे. ही औषधे वाईट आहेत असे नव्हे; योग्य रोगात ती प्राण वाचवितात. परंतु वैद्याच्या सल्ल्यावाचून ती विकणे हा केवळ कायद्याचा भंग नसून ग्राहकाच्या शरीराशी खेळ आहे. अशी गोळी चालू असता टाचेमागे दुखू लागल्यास ती थांबवून ताबडतोब डॉक्टरांस कळवावे. टाचेच्या दुखण्यावर थेट या कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणेही धोक्याचे आहे.

ओळखावे कसे?

लक्षणे थोडकी पण स्पष्ट आहेत. मागून लाथ वा काठी बसल्याचा भास, बहुधा ‘फट्’ असा आवाज, आणि त्यानंतर पायातील जोर गेल्याची जाणीव. टाचेच्या वर बोट फिरविले असता कंडरेत खाच लागते, मात्र सूज आल्यावर ती भरून दिसेनाशी होते. त्या एकट्या पायाच्या चवड्यावर रुग्णास उभे राहता येत नाही.

फसगत होते ती तीन कारणांनी. पहिले, वेदना लवकर ओसरते. दुसरे, रुग्ण चालू शकतो. प्रसिद्ध बास्केटबॉलपटू कोबे ब्रायंट याची ही कंडरा १२ एप्रिल २०१३ रोजी भर सामन्यात तुटली, तरी मैदान सोडण्यापूर्वी त्याने उभे राहून दोन गुण मिळविले होते. तिसरे, रुग्ण पाऊल खाली वळवूनही दाखवितो, कारण घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या इतर कंडरा ते काम थोडेफार करतात. म्हणून ‘चालता येते, पाऊल हलते, हाड मोडलेले नाही, तेव्हा काळजी नको’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. क्ष-किरणात हाड दिसते, कंडरा दिसत नाही, हे प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.

खरी कसोटी साधी असून तीस कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णास पालथे निजवून पावले खाटेच्या कडेबाहेर मोकळी सोडावी आणि पोटरीचा मांसल भाग हलकेच दाबावा. कंडरा शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली वळते, तुटली असेल तर ते स्थिर राहते. दुसऱ्या पायाशी तुलना केली की फरक तत्काळ कळतो. इंग्लंडमधील सिमंड्स यांनी १९५७ साली आणि अमेरिकेतील थॉम्प्सन यांनी १९६२ साली ही कसोटी प्रसिद्ध केली, आणि आजही तिचे स्थान अढळ आहे. शंका राहिल्यास सोनोग्राफी वा एम.आर.आय. करतात. आम्ही ही कसोटी येथे दिली ती घरी निदान करून स्वस्थ बसण्यासाठी नव्हे. डॉक्टरांसमोर ‘मागून काठी बसल्यासारखे झाले, पोटरी दाबून पाहाल का?’ एवढे विनयाने विचारता यावे, यासाठी दिली.

तत्काळ काय करावे? पायावर भार देऊ नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ ठेवावा, पाय उंच ठेवावा, आणि पाऊल जसे सहज खाली झुकलेले असेल तसेच आधार देऊन बांधावे. चोळणे, मालिश, गरम शेक, पाय ओढून ‘बसविणे’ यांपैकी काहीही करू नये. आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातच्या तेलात माया असते हे खरे, परंतु तुटलेली दोरी तेलाने सांधत नाही. जखम होऊन त्वचा फाटली असल्यास अथवा रुग्णास हलविणे कठीण असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांतील रहिवाशांस म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. बांबोळीच्या या संस्थेची परंपरा पोर्तुगीज अमदानीत १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकशाळेपर्यंत जाते. एक-दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांची भेट व्हावी, दोन आठवडे तर कदापि उलटू देऊ नयेत.

शस्त्रक्रिया की पट्टा?

पूर्वी असा समज होता की, तरुण व कामकरी माणसाची कंडरा शिवलीच पाहिजे. आज मत बदलले आहे. ताजी दुखापत असेल आणि पाऊल खाली झुकविल्यावर तुटलेली टोके जवळ येत असतील, तर शस्त्रक्रियेवाचूनही ती सांधते. त्यासाठी पाऊल झुकलेल्या स्थितीत प्लास्टर अथवा टाचेखाली पाचरी घातलेला विशिष्ट बूट वापरतात. बुटाच्या पाचरी टप्प्याटप्प्याने काढीत आठ ते दहा आठवड्यांत पाऊल सपाट आणले जाते.

या दोन मार्गांची तुलना नॉर्वेत ५२६ रुग्णांवर करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. वर्षअखेर पायाची कार्यक्षमता सर्व गटांत सारखीच आढळली. फरक होता तो धोक्यांच्या प्रकारात. शस्त्रक्रिया न केलेल्यांत कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण शेकडा ६.२ होते, शस्त्रक्रिया केलेल्यांत ते शेकडा ०.६ होते. उलटपक्षी, मज्जातंतूस इजा होण्याचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेत शेकडा २.८ व लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत शेकडा ५.२ होते, तर शस्त्रक्रियेवाचून केवळ ०.६. टाचेमागील त्वचा पातळ असल्याने जखम चिघळण्याचे भयही असते, आणि मधुमेही व तंबाखू-सिगारेटचे व्यसन असलेल्यांत ते विशेष. थोडक्यात, हा लाभ-हानीचा हिशेब आहे, आणि तो आपल्या डॉक्टरांसमवेत मोकळेपणाने मांडावा. प्लास्टर की बूट, या प्रश्नाचा निकाल इंग्लंडमधील ५४० रुग्णांच्या पाहणीने २०२० साली दिला. नऊ महिन्यांनंतर दोहोंचे फळ सारखेच होते. स्वतःच्या रक्तातील घटक काढून तुटल्या जागी टोचण्याच्या महागड्या उपायाची परीक्षाही तिकडे झाली, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात त्यापासून काही लाभ दिसला नाही. तेव्हा अशा खर्चास सहसा भुलू नये.

कोणताही मार्ग पत्करला तरी खरी परीक्षा पुढे असते. व्यायाम शिकविणाऱ्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पोटरीचे बळ हळूहळू परत आणावे लागते. सुरुवातीस कंडरा ओढली जाईल असे ताण मुळीच देऊ नयेत, कारण ती लांबली तर पायाचा जोर कायमचा उणावतो. उजवा पाय जायबंदी असल्यास बूट सुटून ब्रेक पूर्ण जोराने दाबता येईपर्यंत मोटार चालवू नये. धावणे बहुधा चार-सहा महिन्यांनी सुरू होते, खेळ नऊ महिने ते वर्षाने. या काळात पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, किंवा दम लागून छातीत दुखू लागले, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. हा धोका प्राणावर बेतू शकतो.

धर्माचरण आणि उपचार

आमच्या वाचकांच्या मनात येणारे काही प्रश्न इतरांच्या मनात येत नाहीत, म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार करतो. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जी हेपारिन वर्गातील इंजेक्शने देतात, ती बहुधा डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनविलेली असतात. ज्यांस हे मान्य नसेल त्यांनी आरंभीच डॉक्टरांस सांगावे. रासायनिक रीतीने बनविलेली पर्यायी औषधे उपलब्ध आहेत, आणि आपल्या प्रकृतीस ती चालतील की नाही हे डॉक्टर ठरवतील. परंतु पर्याय न विचारता औषधच नाकारणे हे शहाणपणाचे नव्हे. कंडरा शिवण्यास बहुधा कृत्रिम धागा वापरतात, तेव्हा आतड्याच्या दोऱ्याची चिंता सहसा उरत नाही. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून शक्य तेथे गोळी मागावी. कंडरा जोडण्यासाठी म्हणून विकली जाणारी कोलॅजेनची भुकटी प्राणिजच असते, आणि तिच्यावाचून कोणाचे अडत नाही. डाळी, दूध, दही व शेंगदाणे यांतून मिळणारी प्रथिने पुरेशी होतात.

रात्रिभोजनाचा त्याग पाळणाऱ्यांनी औषधांच्या वेळा आधीच ठरवून घ्याव्यात. बहुतेक औषधे सूर्यास्तापूर्वीच्या वेळेत बसविता येतात. चातुर्मासात वा पर्युषणात दुखापत झाल्यास दीर्घ उपवास डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नयेत. मधुमेही रुग्णांनी तर मुळीच नाही. बूट काढून अनवाणी मंदिरात जाण्याचा मोहही पहिल्या दोन-तीन महिन्यांत आवरावा. त्या एका बेसावध पावलाने जोडलेली कंडरा पुन्हा तुटू शकते. घरी बसून केलेला नवकार मंत्राचा जप कोणत्याही अर्थाने उणा नाही.

आपले कर्तव्य

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ही दुखापत केवळ मालकास होते असे नाही. गोणी उतरविणारा हमाल, शिडीवर चढणारा नोकर, गोदामातील कामकरी यांसही ती होते, आणि त्यांचे घर तर रोजच्या मजुरीवर चालते. मालकाचा पाय दुखला तर मोटारीतून तज्ज्ञाकडे नेले जाते. नोकराचा दुखला तर ‘दोन दिवस विश्रांती घे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. गोमंतकात २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आपल्या नोकरांपाशी आहे की नाही, आणि तिच्यातून कोणत्या उपचारास साहाय्य मिळते, याची चौकशी मालकाने आपण होऊन करावी. दुकानातील स्टूल डगमगते असेल तर ते आजच बदलावे, शिडीस रबरी पाय बसवावेत, पायऱ्यांवरील शेवाळ पावसाळ्यात खरडून काढावे. यास खर्च तो किती?

डिचोली तालुक्यात कुडणे व नार्वे येथे जुन्या जिनालयांचे अवशेष आजही उभे आहेत. शेकडो वर्षांपूर्वी या भूमीत आपला धर्म कोणीतरी पायी चालतच आणला असला पाहिजे. आमचे साधू-साध्वी आजही अनवाणी विहार करतात. ज्या परंपरेत पावलाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपले जाते, तिच्यात त्या पावलाचीही थोडी काळजी घेतली जावी, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

आमचे डिचोलीचे स्नेही आता पुन्हा दुकानात उभे राहतात, मात्र वरच्या फळीवरील तागे काढण्यास त्यांनी रुंद पायऱ्यांची, कठडा असलेली घोडी करून घेतली आहे. गिऱ्हाइकाने पाय कसा आहे असे विचारले की, ते आधी त्यालाच विचारतात, ‘तुमच्या घरी कोणाला अशी काठी बसल्यासारखी झाली नाही ना?’ हाच प्रश्न आमच्या प्रत्येक वाचकाने आपल्या घरी व दुकानी विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.